पाणघोड्याच्या यादीतलं एकच नाव

तिकीट खिडकीवालीस,

पोहायला येणारी पोरं तुला तिकीटताई म्हणतात. मला ते 'ताई' कधी जमलंच नाही, म्हणून मायना असा अर्धवट.

तलावाचं पाणी गाळायचा पंप बंद आहे आणि पोरांचे डोळे लाल होताहेत, हे इंटरनेटवर 'पाणघोडा' या नावाने टाकणारा मीच. आधी मालकांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू लाइफगार्ड ना? मग बुडणाऱ्यांकडे बघ. कॉलेज सोडलेल्यांनी मला शिकवू नये." माझं डोकं फिरलं. बंद पंपाचा फोटो काढला आणि टाकला.

नाव लपवलं, पण अक्कल गहाण ठेवली. ते खातं मी मुळात तुझे फोटो बघायला उघडलं होतं. पाणघोडा अख्ख्या जगात एकाच माणसाला फॉलो करतो, तुला. मालकांनी ते पाहिलं आणि ठरवलं, ही तुझीच करामत. उद्या तुला कामावरून काढणार म्हणे.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पोरांसाठी लपलास ते ठीक. आता त्या मुलीच्या मागे लपतोस होय रे?"

कागदाआड राहणं म्हणजेही लपणंच, म्हणून हे पत्र पाठवत नाही. सकाळी तुझ्या आधी मालकांकडे जाऊन कबूल करतो. नोकरी गेली तर गेली, पंप दुरुस्त करणारा आज येऊन गेलाय. भीती एकच आहे. फॉलोच्या यादीत तुझंच नाव का, हे ते तुझ्यासमोर विचारतील. तेही सांगेन. अर्ध्यावर कॉलेज सोडलं तेवढं पुरे.

तुझा (हे न विचारता लिहिलंय),
पाणघोडा