सायरनच्या आधी

रविवार संध्याकाळ, एप्रिल

प्रिय हॉलिस,

तू खुशाल असशील. मीही ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. हे पत्र डेल्फिनच्या हाती देते आहे. ती राहते आमच्या ट्रेलरवस्तीत आणि रांधते तुमच्या चर्चमध्ये, त्यामुळे तिच्या हातून आलेलं तू परत पाठवणार नाहीस. माझा फोन तू उचलत नाहीस. असो.

तू आणि मी अशाच चाकांवरच्या पत्र्याच्या घरात वाढलो, हॉलिस. आज तुझं घर विटांचं आहे, तरी हे गाऱ्हाणं आपल्या दोघांचं आहे. वादळ आलं की आपल्याला आयुष्यभर एकच सांगण्यात आलं: पक्क्या इमारतीत जा. ती इमारत कुठली, तिचं दार कोण उघडणार, हे कधी कुणी सांगितलं नाही. आईनं आपल्याला बाथटबात झोपवलं, वर गादी टाकली आणि गादीवर स्वतः बसली, आठवतं? तू खालून ओरडत होतास, "आई, तू जड आहेस!" आणि ती म्हणाली, "म्हणूनच बसलेय."

आज टीव्हीवरच्या हवामानवाल्यानं कोट काढला. तो कोटात असेपर्यंत अलाबामा निवांत जेवतं. त्यानं कोट काढून बाह्या दुमडल्या की घास घशात अडकतो. बुधवारी दुपारपासून टोर्नेडो. एखाददुसरा नाही, एकामागून एक, तीन राज्यांत. आपला जिल्हा नकाशावर लाल. अजून वेळ आहे, अंदाज बदलेलही, असं म्हणाला खरा. पण कोट त्यानं परत घातला नाही.

तर कामाचं बोलते. टेकडीवरच्या आपल्या चर्चखाली काँक्रीटचं तळघर आहे. आमच्या वस्तीपासून सगळ्यांत जवळची पक्की जागा तीच. जिल्ह्याचं निवारागृह शहरात आहे, आणि आमच्यातल्या निम्म्यांकडे तिथवर जायला गाडी नाही. तळघराची किल्ली तुझ्याकडे आहे. गेल्या वर्षीपासून तुमच्या समितीचे दोन नियम आहेत: सायरन वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि कुत्रंमांजर आत घ्यायचं नाही. कारण काय, तर गेल्या वर्षीच्या पहिल्या वादळाच्या रात्री नव्या गालिच्यावर कुणाच्या कुत्र्यानं घाण केली, कुणी सिगारेट विझवली, आणि मग विमा कंपनीचं पत्र आलं.

सायरन वाजल्यावर आपली माणसं काय करतात, हे तुला माहीत आहे. ती आत पळत नाहीत. बाहेर येतात! पायऱ्यांवर उभी राहतात, हात कमरेवर, आणि आभाळ बघतात. "दिसतंय का काही?" "छे, टेकडी फोडेल त्याला." बाबाही हेच म्हणायचे. टेकडीनं आजवर एकही वादळ फोडलेलं नाही. ते दुसरीकडे गेलं की आपण श्रेय टेकडीला देतो. एवढं सगळं झाल्यावर मग म्हातारीला पिकअपमध्ये बसवायचं, पोरांना शोधायचं आणि दोन्ही बाजूंना पाईनची झाडं असलेल्या त्या वळणाच्या रस्त्यानं वर यायचं. त्या घटकेला त्या रस्त्यावर असण्यापेक्षा बाथटब बरा.

म्हणून दार सायरनच्या आधी उघडायला हवं. बुधवारी दुपारीच.

गेल्या वर्षीच्या सभेत मी हे उभी राहून, तुझं नाव घेऊन बोलले, त्याचा तुला राग आहे. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. पुन्हा सभा भरली तर पुन्हा बोलेन, आणि या वेळी मागच्या बाकांनाही ऐकू जाईल असं.

इकडे बाकी सगळं नेहमीचं. म्हातारा पर्विस अजून खुटखुटीत आहे. आमच्या ओळीत, चौथ्या घरात, नोव्हेंबरपासून एक पोरगी राहते. तिला तान्हं मूल आहे. तेही बघायला हवं.

तुझी,
ओझेला


मंगळवार

हॉलिस,

डेल्फिननं सांगितलं ते असं: "त्यांनी उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, ताईला सांग, भाषण छान आहे. समितीची बैठक गुरुवारी आहे."

गुरुवारी! वादळाला निरोप धाडू का, एक दिवस थांब म्हणून?

चेष्टा पुरे. तू घाबरट नाहीस, हे मला माहीत आहे. पलीकडच्या विधवेच्या अंगणातलं गवत तू वर्षानुवर्षं कापतोस आणि ती आभार मानायला बाहेर आली की यंत्राचा आवाज वाढवतोस. पण चारचौघांनी मिळून ठरवलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं तुला वाटतं. मी कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात कामगारांची संघटना बांधण्यात उमर घालवली. चारचौघं मिळून काय काय ठरवू शकतात ते मी बघितलंय. विमा कंपनीही बघितली आहे. तुमच्या तळघरात कुणाचा पाय मुरगळला तर काय, याचा विचार तिनं केला आहे. तळघराबाहेर कुणी मेलं तर तिला एका पैचा खर्च नाही, म्हणून तो विचार तिनं केलेला नाही. आपल्या चर्चला तो करावा लागेल. त्या इमारतीवर क्रूस लावलाय आपण, हॉलिस, कंपनीची पाटी नाही.

आज हवा बघितलीस? दक्षिणेचा वारा सुटलाय, अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा. चिकट, उबदार, छान. ही छान हवाच वाईट असते.

आम्ही कामाला लागलो आहोत. बाहेरच्या खुर्च्या, शेगड्या, पोरांच्या सायकली सगळं आत घेतलं. ट्रेलर जमिनीला बांधणारे पट्टे आवळले. कुठल्याही खऱ्या टोर्नेडोपुढे त्यांचा उपयोग शून्य, पण माणसाच्या हातांना काम लागतं. औषधं, डायपर, शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचं पिशव्यांत भरली. सगळ्यांना बजावलं, उद्या घरातसुद्धा बूट काढायचे नाहीत. वादळानंतर लोक काचांवर अनवाणी चालतात. आणि शाळेच्या बेसबॉल प्रशिक्षकाकडून हेल्मेटांचं एक पोतं आणलं. वादळात माणूस मरतो तो बहुधा डोक्याला लागून.

हेल्मेटं वाटत पर्विसकडे गेले. तो पायऱ्यांवर बसला होता, शेजारी त्याचा कुत्रा बिस्किट, तितकाच म्हातारा.

"मिस ओझेला, हे माझ्या डोक्याला बसत नाही."

"बसेल. आत काही नाही, दाबा जरा."

"तुमचं तोंड पुढं केलं तर वादळ टेक्सासला परत जाईल, बाई. हेल्मेटं कशाला?"

असं म्हणून त्यानं ते बिस्किटच्या डोक्यावर ठेवलं. कुत्र्यानं हूं का चूं केलं नाही. आम्ही दोघंही हसलो. मग मी म्हटलं, उद्या दुपारी तयार राहा, मी न्यायला येते. त्याचं हसू गेलं.

"याला घेतात का आत?"

मी बिस्किटच्या डोक्यावरचं हेल्मेट सरळ केलं.

"गेल्या वर्षी दारातून परत पाठवलं," तो म्हणाला. "तुमच्या भावानंच. वाईट नाही बोलला हो, फार अदबीनं बोलला. मी म्हटलं ठीक आहे, आणि दोघं घरी आलो. बाथरूममध्ये बसलो. याला वादळाचं भय वाटतं, माझ्या काखेत डोकं घालतो. याला बाहेर ठेवून मी आत बसू? मग मी कुठल्या तोंडानं प्रार्थना करायची?"

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक दारात कुत्रं आहे. शहाण्या माणसांना वाटतं, जीव महत्त्वाचा की कुत्रं? पण एकट्या माणसाला हा प्रश्न असा पडतच नाही. तुमच्या दुसऱ्या नियमानं निम्मी वस्ती पत्र्यातच बसणार, हे मी तुला लिहून देते.

त्या चौथ्या घरातल्या पोरीकडेही गेले होते. बाळ सहा आठवड्यांचं. एवढ्याशा डोक्याला कुठलं हेल्मेट? तिनं कारमधल्या बाळाच्या खुर्चीला आतून उशा शिवल्या आहेत. पट्ट्यांनी बाळाला त्यात बांधायचं आणि वर आपण ओणवं व्हायचं. स्वतःचं स्वतःच शोधून काढलंय. हुशार आहे, हट्टी आहे. बाळाचे कान बाहेर आलेत, आपल्या बाबांसारखे—

डेल्फिन निघाली. एवढंच.

ओझेला


बुधवार सकाळ

हॉलिस,

नमस्कारचमत्कार राहू दे. शाळा बंद झाल्या आहेत. आभाळ दुधाळ पिवळं आहे आणि वारा जोरात आहे. पहिली फळी मिसिसिपी ओलांडून दुपारी आपल्याकडे येईल, असं रेडिओवर सांगताहेत.

काल मी चिठ्ठी मधेच तोडली, ते तुला कळलंच असेल. तू मंद नाहीस.

ती रेलिन आहे. तुझी रेलिन.

तू तिला "या घरात हे चालणार नाही" म्हणालास, त्यानंतर ती दूर मोबिल शहरात गेली असं तुला वाटतं. मोबिलला नाही गेली. माझ्या दारात आली, पाच महिन्यांचं पोट घेऊन, आणि म्हणाली, "आत्या, बाबांना कळवलंस तर मी उठून जाईन, आणि मग तुलाही सापडणार नाही." ती आपल्याच रक्ताची आहे. जाते म्हणाली तर जाते. म्हणून मी गप्प राहिले. तुझ्या घरापासून तीन मैलांवर तुझी नात जन्मली. तिचं नाव जून.

आणि तरीही रविवारी मी तुला हे लिहिलं नाही, ते तिला दिलेल्या शब्दामुळे नव्हे. मला दार सगळ्यांसाठी उघडून हवं होतं. रेलिन इथे आहे म्हटलं असतं तर तू सरळ गाडी घेऊन आला असतास, पोरीला आणि बाळाला घेऊन गेला असतास, आणि किल्ली खिशातच राहिली असती. पर्विससाठी, डेल्फिनसाठी, बाकीच्यांसाठी तू दार उघडतोस का, हे मला आधी बघायचं होतं. तुझ्याविषयी माझं एक मत आहे, चांगलं मत, आणि ते मला लाच न देता खरं ठरवायचं होतं.

आज सकाळी मात्र जे पाहिलं त्यानंतर माझ्याच्यानं राहवेना.

तुला माहीत आहे, अशा दिवशी आपल्याकडे पोरांच्या अंगावर नाव लिहितात. न पुसणाऱ्या शाईच्या पेननं, दंडावर किंवा पोटावर. पोर कुठे सापडलं, कुणाला सापडलं, तरी कळावं म्हणून. मी गेले तेव्हा रेलिन तेच करत होती. बाळ उघडं, हात झाडत होतं, पेनाच्या गार टोकाला हसत होतं. तिनं पोटावर लिहिलं: जून टॅरंट. आपलं आडनाव. खाली फोन नंबर लिहिला. माझाच असणार, असं मला वाटलं. चष्मा लावून पाहिलं.

तुझा होता.

तिनंच मान वर न करता सांगितलं, "आत्या, मी नसले तर हिला कुणाकडे तरी द्यायला लागेल ना. तुझं घर माझ्या शेजारीच आहे. दोन्ही घरं गेली तर?"

"मग हे त्याला आत्ताच का सांगत नाहीस?"

"काय सांगू? मी जिवंत आहे तोवर ते मला घरात घेणार नाहीत."

"कशावरून?"

"त्यांनीच सांगितलं."

"बापाचं एक वाक्य तू इतके महिने धरून बसलीस?"

"तू त्यांच्या विमा कंपनीचं, समितीचं, नियमांचं सगळं धरून बसतेस ते?"

तुझीच मुलगी. माझ्याहून चांगलं बोलते.

मी तिला म्हटलं, बाळाला घेऊन माझ्या गाडीत बस, जॉर्जियात कुठेतरी मोटेलात जाऊ. म्हणाली, "वादळ तिकडेही जाणार आहे. आणि आत्या, तू निघालीस तर पर्विसआजोबांना कोण नेणार?" मग बाळाला अंगडं चढवलं आणि म्हणाली, "लिहायचं तर लिही त्यांना. पण माझ्यासाठी दार उघडणार असतील तर मी येणार नाही. सगळ्यांबरोबर येईन. सगळ्यांना घेतलं तर."

तिची अट तीच माझी. आम्ही ठरवून केलेलं नाही.

तू काय विचार करशील ते मला दिसतंय. समितीतून काढतील. काढू देत. गालिचा खराब होईल. होऊ दे, मी स्वतः गुडघे टेकून घासीन, कुरकुरत्या गुडघ्यासकट. सायरन न वाजताच इतकी माणसं आत घेतली आणि काहीच झालं नाही तर लोक हसतील. देव करो आणि आपल्यावर हसायची वेळ येवो! काहीच झालं नाही अशा शंभर दुपारी तळघरात सँडविच खात काढू. पण तू दार उघडलं नाहीस आणि आज तुझ्या फोनवर एखाद्या अनोळखी माणसानं विचारलं, "टॅरंट का? आम्हाला एक बाळ सापडलंय," तर त्यानंतर तुझ्या विटांच्या घरात तू कुठल्या खोलीत झोपशील?

भीती घालते आहे, हो. मला स्वतःला भीती वाटते आहे. जन्मभर ट्रकच्या फळ्यांवर उभं राहून भाषणं केली, कधी घाबरले नाही. आज हे पान तिसऱ्यांदा लिहिते आहे.

डेल्फिन दारात उभी आहे. ती थेट तुझ्या घरी येते आहे. म्हणून शेवटचं, आणि एकच.

हे वाचून झालं की किल्ली घे, टेकडीवर जा, तळघराचं दार उघड आणि स्वतः त्या दारात उभा राहा. दुसऱ्या कुणाच्या हाती किल्ली पाठवू नकोस. आम्ही दुपारी जेवणाआधीच निघतो, सायरनची वाट न बघता, कुत्र्यांसकट. पर्विस पुढे असेल. मधे कुठेतरी एक मुलगी असेल, मान खाली, छातीशी उशा शिवलेली खुर्ची धरून. तिला थांबवू नकोस, रडू नकोस, काही समजावू नकोस. तिच्या पुढच्याला जे म्हणालास आणि मागच्याला जे म्हणशील, तेच तिलाही म्हण.

"आत ये."

रांगेत सगळ्यांत शेवटी असेन.

तुझी थोरली बहीण,
ओझेला