इंजिनावरची काजळी

२४ एप्रिल, गुरुवार
आखाजी, अक्षय्य तृतीया, सहा दिवसांवर. हे गेल्यानंतरची पहिली. यांच्या नावाची घागर भरायची. घरातलं सगळं पितळ घासायला काढलं. तांब्या, समई, घंगाळ. मग काचेच्या कपाटातलं यांचं पितळी इंजिन. वीतभर लांब, वाफेचं. सतरा इंजिनांतलं लाडकं. फार काळं पडलं होतं. चिंच-मीठ लावून टूथब्रशने घासलं. चाकांचे दांडे, धुराड्याची कड, एकेक रिव्हेट. किती बारीक काम! दुपार कशी गेली कळलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

२५ एप्रिल
धाकटी जाऊ आली. “जिजी, सोनानं दिसी ऱ्हायनं! घागरजोडे ठेवा, नानाले बरं वाटी.”

३० एप्रिल, आखाजी
घागर पुजली. इंजिन शेजारी. रशीदभाई आले. घड्याळं दुरुस्त करतात, इंजिनांच्या नादातले यांचे सोबती. दोघं बसले की जेवणाची शुद्ध नसे. त्यांनी भिंग काढलं, बघितलं, खिशात ठेवलं.
“भाबी, कोनी घसं हाई?”
मी, म्हटलं.
“तो मळ नव्हता, भाबी. काजळी व्हती. नानानी सोताना हातनी लायेल.”
दोन वर्षं लावत होते म्हणे. चार केसांच्या ब्रशने. नुकतंच धावून आल्यासारखं दिसावं म्हणून.
पुरणपोळी तशीच ठेवून गेले.

१ मे
नवं इंजिन आलं की भिंग आधी माझ्या हातात द्यायचे. रिव्हेट मोजायला लावायचे, चुकले की हसायचे. फक्त हे एक, ‘पुरं होऊ दे, मग दाखवतो.’ मी चहा ठेवून वळायची. दोन वर्षं.
जेवले नाही.

३ मे
यांची वही सापडली. माझी शाळा चौथीत सुटली. पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. तरी अक्षर लागलं. ‘धूर मागे वाकतो. धुराड्यामागे काजळी दाट, पुढे विरळ. तेल सांध्यांतून ओघळतं.’ पुढे पानं कोरी.
अक्षर यांचं. काम मी पुसलेलं.

६ मे
रशीदभाई म्हणाले, पुन्हा काळं करून देतो. मग स्वतःच थांबले. “पन तो हात कोठून आनू?”
लेकीचा सुरतहून फोन. आई, एक इंजिनच ना?

९ मे
रोज भिंगातून बघते. आज, ड्रायव्हरच्या पायरीखाली, चिंच पोचली नव्हती तिथे, तिळाएवढी काजळी आहे. तिच्यात ब्रशच्या केसाची रेघ दिसते.
रशीदभाईंना सांगितलं. ते म्हणाले, नवा रंग धरायला आधी सगळं पितळ एकसारखं साफ करावं लागतं. ही तिळाएवढी काजळीसुद्धा.

११ मे
रंग द्यायला रशीदभाईंना आज या म्हटलं होतं. सकाळी म्हटलं, आज नको, परवा.

१३ मे
आले. रंगाची बाटली, ब्रश, सगळं घेऊन. चहा दिला. इंजिन माझ्या मांडीवर. ते मागेनात, मी देईना. चहा पिऊन झाला तरी तसेच बसलो.