काही त्रास नाही

ताई,

काल फोनवर तू हसत म्हणालीस, "त्या नव्या गोळीच्या चाचणीच्या कागदावर सही करून आले बाई! तुला सहा महिन्यांत काही झालं नाही, मग मला काय धाड भरणार आहे?" मी "बरं केलंस" म्हटलं.

आपल्या दोघींचे सांधे आखडवणाऱ्या या ल्युपसवरच्या नव्या गोळीने माझी बोटं मोकळी झाली, हे खरं आहे. तीन वर्षांनी मी कात्री धरली, गिऱ्हाइकाचा आख्खा कोट शिवला. पण दुसऱ्या महिन्यापासून डाव्या डोळ्यासमोर राखाडी डाग येतो. आता तर उजव्यासमोरही. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेते आणि खापर चष्म्यावर फोडते.

दवाखान्याने वही दिलीय, तीत रोज संध्याकाळी त्रास लिहायचा असतो. डोळ्यांचं काही निघालं तर गोळी त्याच दिवशी बंद, असं नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणजे पुन्हा ती आखडलेली बोटं, पुन्हा नवऱ्याने भरवलेला घास. म्हणून मी रोज 'काही त्रास नाही' या चौकोनात खूण करत गेले. तुझ्या डॉक्टरांनी 'कुणालाच त्रास नाही' म्हणून तुला दाखवल्या, त्या माझ्यासारख्यांच्याच खुणा.

उद्या सकाळी तुझी पहिली गोळी. मला इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीत पडणार तू.

लिहिता लिहिता वही भरायची वेळ झाली. ते छापील चौकोन मला आता दिसत नाहीत गं. तरी पेन सवयीने बरोबर त्याच चौकोनात गेलं.

तुझी,
काही न झालेली धाकटी