निर्लेखन समितीची प्रमुख

सोमवार, ७ जुलै

...दूध तापवलं, मटकी निवडली, यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. हे दारात चप्पल घालून उभे. म्हणाले, नवसा, आटप, घंटा चुकेल. मी म्हटलं, चुकू दे, पोरांना तेवढंच बरं. हे हसले नाहीत. घंटेच्या बाबतीत हे कधी हसत नसत. इतक्या सकाळींतून हीच का आठवते कळत नाही. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.

आज घडलं. मी प्रमुख झाले.

आमच्या मुख्याध्यापिका इंदिरा मॅडम प्रशिक्षणाहून आल्या. म्हणाल्या, यापुढे शाळेत नेतृत्व वाटून घ्यायचं. प्रत्येकाकडे एक समिती. शिपाईसुद्धा. सहल, क्रीडा, परसबाग पटापट गेल्या. निर्लेखन समिती राहिली. सगळे टेबलाकडे बघत बसले. लेखनाचं काम म्हटल्यावर माणूस लाजतोच. मी हात वर केला. टाळ्या पडल्या. विज्ञानाचे उपेंद्र सर म्हणाले, मावशी, वाचवलंत आम्हाला.

एवढे शिकलेले, पण लेखनाला घाबरतात.

मंगळवार, ८ जुलै

निर्लेखन म्हणजे काय ते कोणाला विचारायचं नाही. प्रमुखाला शोभत नाही. माझी शाळा सातवीत सुटली, पण ग्रंथालयाची कपाटं झाडता झाडता मी बरंच वाचलंय. निर्मळ म्हणजे स्वच्छ. तेव्हा निर्लेखन म्हणजे स्वच्छ लेखन. झालं.

संकल्प: मुलांची अक्षरं सुधारायची. भित्तिपत्रक काढायचं. पहिला लेख माझा, यांच्या घंटेवर. घंटा म्हणजे अंगणातल्या लिंबाला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. आधी हे वाजवायचे. हे गेल्यावर अनुकंपेवर मला घेतलं, आता मी वाजवते. मधली सुट्टी हे थोडी लांबवत. मीही लांबवते.

गुरुवार, १० जुलै

लेख सुरू केला नाही. पेन चांगलं नाही.

मराठीच्या योगिनी मॅडमना सांगितलं, माझ्या समितीत चार हुशार मुलं द्या. म्हणाल्या, मुलांना नका हो घेऊ मावशी, पत्रे लागतील. मी म्हटलं, लागू द्या, पत्रांनीच लेखनाला हात वळतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पटलं असावं.

शनिवार, १२ जुलै, दुपारी

ऑफिसातले वाल्मीक भाऊसाहेब आले. म्हणाले, मावशी, कधी काढायचं? म्हटलं, पहिला अंक पुढच्या महिन्यात. म्हणाले, कसला अंक? भंगार काढायचंय. मग मला मोडक्या बाकांच्या खोलीत नेऊन, गंजक्या पत्र्यांसमोर उभं करून सांगितलं: निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू शाळेच्या दप्तरातून कमी करून विकणं. त्यावर कोण कधी काय विचारील सांगता येत नाही, म्हणून ही समिती कोणी घेत नाही.

मी म्हटलं, ठाऊक आहे, तुमची परीक्षा बघत होते. ते म्हणाले, बरं. मग या बाकांबरोबर अंगणातला रूळही जाईल. उपेंद्र सरांच्या वेळापत्रक समितीनं विजेची घंटा आणलीय.

म्हटलं, रूळ निकामी कसा? वाजतो की. म्हणाले, वाजतो हो, पण एका शाळेला दोन घंटा कशाला?

हरकत नाही. उलट बरंच झालं. प्रमुख मी आहे. रूळ जाणार नाही.

सोमवार, १४ जुलै

निर्णय सगळ्यांना कळवला. इंदिरा मॅडम म्हणाल्या, समिती तुमची, निर्णय तुमचा, मी आता कोणाच्या कामात पडत नाही. फक्त उपेंद्र सरांशी बोलून घ्या. उपेंद्र सर म्हणाले, माझी कुठं ना आहे? पण लिंबाखाली मुलींची रांग असते, सुरक्षा योगिनी मॅडमकडे. योगिनी मॅडम म्हणाल्या, मला वाटतं राहावा, पण तार किती जुनी आहे बघितलीत का? भाऊसाहेबांना विचारा. भाऊसाहेब म्हणाले, घ्या, प्रमुख तुम्ही आणि विचारता मला?

चौघांनीही चहा पाजला. चौघंही माझ्या बाजूनं आहेत.

पूर्वी मॅडम नाही म्हणायच्या, तेव्हा भांडता तरी यायचं.

बुधवार, १६ जुलै

सोपा उपाय सापडला. तार जुनी, तर नवी बांधायची. सातपूरच्या दुकानातून जाड तार आणली. शाळा सुटल्यावर स्टुलावर चढले.

गाठ यांची आहे. यांना गाठ दोनदा मारायची सवय होती. नाडी असो की पोतं. सुटेना. बोटानं चाचपलं तर गाठ घट्ट, पण तिच्यावरची तार झिजून दोऱ्याएवढी. हात लावला तर रूळ हलला. खाली मुलींची पायताणं विसरलेली होती.

घरी नेऊ का, असं भाऊसाहेबांना विचारलं. म्हणाले, नेता येत नाही मावशी, सरकारी आहे. आणि ठेवाल कुठं?

मॅडमना म्हटलं, तुम्हीच सांगा काय करू. एकदा सांगा. त्या म्हणाल्या, नवसाबाई, तेच तर आता करायचं नाहीये.

शुक्रवार, १८ जुलै

काल शाळा भरायच्या आधी मी तार कापायला लावली. परसबागवाल्यांनी शिडी धरली, क्रीडावाल्यांनी रूळ झेलला. गाठ तशीच राहिली, रुळाबरोबर गेली. टेम्पो आला तेव्हा सगळे व्हरांड्यात होते. इंदिरा मॅडम म्हणाल्या, बघा, कोणी सांगितलं नाही, यालाच नेतृत्व म्हणतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

विजेच्या घंटेची मधली सुट्टी लांबत नाही. मी खूप वेळ तिच्याकडे बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मटकी निवडली, डबा भरला, शाळेत गेले. घंटा आपोआप झाली तेव्हा मी पिण्याचं पाणी भरत होते.