दादाच्या तीन गैरहजेऱ्या खोट्या असल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : सोनोग्राफी विभागातील तीन ‘गैरहजर’ शेरे रद्द करून माझ्या थोरल्या भावावर तातडीने उपचार करण्याबाबत.
संदर्भ : आपण काल फलकावर लावलेली उपचारांची प्रतीक्षायादी, अनुक्रमांक चौदा (शेवटचा).

महोदय,

१. मी सोनोग्राफीच्या नोंदणी खिडकीवर अकरा वर्षे लिपिक आहे. हा माणूस सख्ख्या बापालाही रांग मोडू देणार नाही, असा माझा लौकिक आहे. त्या लौकिकाची मला फार हौस होती.

२. गेल्या वर्षी दादाच्या मानेच्या धमनीत स्टेंट बसवला. ती पुन्हा अरुंद होत नाही ना, हे पाहण्यासाठी तीन तपासण्या ठरल्या. तिन्ही वेळा दादा वेळेआधी येऊन बाकावर बसला. लोक ‘लिपिकाचा भाऊ’ म्हणून कुजबुजतील, या धास्तीने मी तिन्ही वेळा म्हणालो, “दादा, आज फार गर्दी आहे. तू काय, घरचाच. पुढच्या वेळी ये.” तो “बरं, तू जेवून घे वेळेवर” म्हणून परत गेला. नंबर दुसऱ्याला देताना संगणक कारण विचारतो. मी ‘गैरहजर’ असे नोंदवले.

३. परवा सकाळी दाढी करताना दादाच्या हातून वस्तरा गळाला. उजवा हात लुळा, वाचा बंद. दहा मिनिटांनी तो सावरला. स्टेंटच्या आत धमनी ऐंशी टक्के बंद झाली आहे. डॉक्टरांच्या मते ती फुग्याने पुन्हा रुंद करावी, गरज पडल्यास आणखी एक स्टेंट घालावा, आणि हे याच आठवड्यात व्हावे. पुढचा झटका दहा मिनिटांत ओसरेलच असे नाही.

४. तथापि, तपासण्या चुकवणाऱ्या रुग्णास यादीत शेवटी ठेवण्याचा आपला नियम आहे. तो नियम करावा, असा अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच केला होता. त्याबद्दल आपण माझी पाठ थोपटली होती.

५. सबब विनंती, की शेरे खोटे धरून दादाला उद्याच घ्यावे. यास वशिला म्हणायचे असल्यास खुशाल म्हणावे. मला निलंबित करावे, बडतर्फ करावे. माझी तक्रार नाही. मला लाज वाटते, एवढेच.

६. चौकशीत मात्र दादाची साक्ष घेऊ नये. काल डॉक्टरांनी त्याला विचारले, तपासण्या का चुकवल्या? मी खाटेशेजारीच उभा होतो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “माझाच आळस, डॉक्टर.”

आपला अपराधी,
नोंदणी लिपिक, खिडकी क्रमांक दोन

सोबत : तपासणी अहवाल, तिन्ही खोट्या नोंदींच्या प्रती.