आबाचं बसणं

फलटण,
७ जानेवारी २०२५

चि. राणीस सिद्धूदादाचे आशीर्वाद. दाजींना रामराम.

इकडं समदं ठीक. पाटलांच्या रानात मेंढरं बसवलीत. थंडी लय हाय. अपेक्षाला वॉर्डात हलवलं, तिनं लापशी खाल्ली, असं दाजी फोनवर म्हणाले. लय बरं वाटलं बघ. साडेतीन वर्षांची पोर, काळजातलं भोक बुजवून, फुफ्फुसाकडची आवळलेली वाट मोकळी करून सहा तासांनी बाहेर आली! वाघीणच म्हणायची.

मी मिरजेला आलो न्हाई, याचा तुला राग असंल. मेंढरांमागं माणूस न्हाई, असं मी दाजींना सांगितलं. ते खोटं. राखणीला नाथाजी हुता की. तुझ्याशी बोलायला तोंड न्हाई, म्हणून लिवतोय.

तुला आठवतंय का गं? मेंढरं घेऊन आटपाडीहून निघालो की तू घोड्यावर, कोंबड्यांच्या शेजारी. वाटंत आबा दम खायला उकिडवा बसायचा, कोपरं गुडघ्यावर, मान खाली. त्या बसण्यावरनं लांबनं वळखू यायचा. आबा गेला, आपण पोरकं झालो, आन् ते बसणंबी गेलं.

मग तुझी अपेक्षा चालाय लागली. चार पावलं टाकायची आन् तशीच उकिडवी बसायची. मी येडाच झालो. "आबा आलाय गं तुझ्या पोटी!" गावभर सांगत सुटलो. तू म्हणालीस, "दादा, तिचं ओठ निळं पडत्यात, साताऱ्यात दाखवते." मी खेकसलो, "थंडीनं पडत्यात. आबाला दवाखान्यात न्यायचं न्हाई!" तू माझा शब्द कवा मोडला न्हाईस. दीड वरीस गेलं. शेवटी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लेकरू दम लागतो म्हणून बसतंय. तसं बसलं की त्याला जरा बरं वाटतं.

राणी, तिचा जीव गुदमरत हुता आन् मी टाळ्या वाजवत हुतो. मेंढी चालता चालता बसली तर मी तिचा खूर बघतो, दात बघतो. भाचीचं ओठ बघितलं न्हाईत.

काल दाजी म्हणाले, अपेक्षा वॉर्डाच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालली, मधी कुठंच बसली न्हाई. लय आनंद झाला. आन् खरं सांगू? आबा दुसऱ्यांदा गेल्यागत वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटती.

रविवारी मिरजेला येतोय. वॉर्डाच्या दारात हुबा ऱ्हाईन. शिव्या घाल, चप्पल मार. पर "असू दे, दादा" तेवढं म्हणू नगंस.

तू म्हणशील तर तुझाच,
सिद्धू