बाबांच्या गाडीचे जादा दिवे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घे. चार दिवस मी गाडीशेजारी फरशीवर आडवाच होतो.) तुझे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा खोकला थांबला का, पोरांनी नवीन काय फोडलं, ते सवडीने कळव. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन केला असता, पण फोनवरचं बाबांना दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं. कान शाबूत आहेत त्यांचे.

बाबांनी धोशाच लावला होता, की या फटफटीचा दिवा मेलाय, रस्ता दिसत नाही. अर्ध्या गावाला मोटार चालवायला शिकवलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? म्हटलं, पुढे दोन जादा दिवे बसवू. गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा. मला वाटलं, त्यात काय मोठंसं, घरीच बसवतो. (हे माझ्या फोटोखाली लिहा.) दिवे नेमके इंडिकेटरच्याच जागी बसत होते, म्हणून इंडिकेटर उपटून खाली पायाच्या गार्डवर नेले. वायर आखूड पडली, ती जोडली. मग हँडल उजवीकडे वळवलं की वायर ताणून हॉर्न वाजायचा, म्हणजे उजवीकडे जायचं तर गल्लीला कळवूनच जायचं. ते निस्तरलं, तर डावा इंडिकेटर दाबला की उजवा लागायला लागला. तेही निस्तरलं, तर इंडिकेटरबरोबर नवे दिवेही उघडझाप करू लागले. समोरच्या शिंप्याला वाटलं आमच्याकडे लग्न निघालं, तो मापाची टेप घेऊनच आला. शेवटी गॅरेजवाल्याचे पाय धरले. तो त्या वायरींकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे कुणी केलं?" मी म्हटलं, आधीच्या मालकाने. (गाडी बाबांनी नवी कोरी घेतली होती, हे तुला ठाऊक आहे.)

काल संध्याकाळी दिवे लागले. काय उजेड, ताई! भिंतीवरची मुंगी दिसावी. बाबा ऐटीत पुढे बसले, आई मागे बसली, आणि त्या लखलखाटात बाबांनी गाडी सरळ आपल्याच फाटकाच्या खांबाला नेऊन भिडवली. नशीब, कुणाला लागलं नाही. मला म्हणाले, "दिवे जरा वर कर."

आईला स्वयंपाकघरात गाठलं, तर ती भांडी विसळत शांतपणे म्हणाली, "अरे, त्यांना कधीचं नीट दिसत नाही. मी मागून सांगते ना. डाव्या खांद्यावर थाप मारली की डावीकडे, उजव्यावर मारली की उजवीकडे, शर्ट ओढला की ब्रेक." मग आज काय झालं, विचारलं. म्हणाली, "शिंक आली." मी इतके दिवस इंडिकेटर हलवत बसलो, आणि खरा इंडिकेटर मागच्या सीटवर बसून बाजाराला जात होता. लोक हसतील यावर. मला रडू आलं. एखाद्या दिवशी दोघंही परत यायची नाहीत.

लोभ आहेच, तो वाढवत बसू नकोस, निघून ये.

तुझा,
हाताला अजून चिकटपट्टी चिकटलेला भाऊ

ता. क. खरं काम हेच. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. मोतीबिंदू असला तर इलाज आहे, पण त्यांच्या लेखी मी अजून शिकाऊच. तुझ्यापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. तू येईपर्यंत किल्ली डाळीच्या डब्यात आहे.

पुन्हा ता. क. बाबा आत्ताच येऊन बसले. म्हणाले, ताईला लिहितोयस ना, मलाही दोन ओळी लिहू दे. वाचतील म्हणून माझा जीव अर्धा झाला. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, मान डोलावली आणि पेन घेतलं. खाली अर्धं पान कोरं होतं. त्यांनी लिहिलं ते माझ्या ओळींवरच. वर खांबाच्या मजकुरावर जे आडवंतिडवं गिरगटलेलं दिसतंय, ते त्यांचं अक्षर. तुला लागणार नाही. लिहिताना मोठ्याने म्हणत होते म्हणून मला कळलं, ते उतरवतो: "चि. बाळ, तुझ्या भावाने दिवे फार छान बसवले. आता सगळं लख्ख दिसतं."